घरटे, जिप्सी आणि कॅमेरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वन्यजीव छायाचित्रण आणि संवर्धन या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात दिली आहेत. पत्रे लांब असल्याने प्रश्न संक्षेपाने छापले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. कोणते भिंग घ्यावे, कोणता कॅमेरा घ्यावा असे विचारणाऱ्यांना एकाच उत्तरावर समाधान मानावे लागेल, कारण उरलेल्या पत्रांतील प्रश्न अधिक निकडीचे आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीजवळच्या वहाळाच्या दरडीत पावसाळ्यात तिबोटी खंड्या घरटे करतो. गेल्या काही वर्षांपासून पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार येऊ लागले आहेत. ते घरट्यासमोर कापडी आडोसा उभारून दिवसभर बसतात आणि मध्ये येणाऱ्या फांद्या तोडतात. वाट दाखवणाऱ्या मुलांना पैसे मिळतात, म्हणून वाडीत कोणी बोलत नाही. जागा अभयारण्यातील नाही, खासगी आहे. तरीही यात काही बेकायदेशीर आहे का? (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : होय, आहे, आणि जागा खासगी असल्याने त्यात फरक पडत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दुसऱ्या कलमातील शिकारीची व्याख्या पुष्कळांनी वाचलेली नसते. प्राण्याला मारणे, पकडणे, सापळ्यात अडकवणे, हाकणे आणि आमिष दाखवणे यांच्याबरोबरच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत स्पष्टपणे आले आहे. नवव्या कलमाने शिकारीला घातलेली बंदी अभयारण्याच्या हद्दीपुरती नाही, ती अनुसूचींतील, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतील, प्राण्यांना ते जेथे असतील तेथे लागू होते, आणि आपल्याकडचे जवळजवळ सर्व देशी पक्षी त्या अनुसूचींत आहेत. २०२२ मध्ये या कायद्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि तिच्यामुळे सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर गेली. अर्थात घरट्याला उपद्रव झाला हे न्यायालयात सिद्ध करणे सोपे नसते, म्हणून केवळ कायद्यावर भिस्त ठेवून चालणार नाही.

त्या घरट्यात नेमके काय घडते, हे वाडीतील मुलांना समजावून सांगितले तर कदाचित अधिक उपयोग होईल. हा पक्षी कोकणात पावसाबरोबर विणीसाठी येतो आणि मातीच्या उभ्या दरडीत आडवे बीळ खोदतो. चार-पाच अंडी नर आणि मादी मिळून सुमारे १७ दिवस उबवतात आणि त्यानंतर सुमारे २० दिवस पिल्लांना बिळात भरवतात. त्या काळात सापसुरळ्या, पाली, लहान बेडूक, खेकडे, कोळी असे जे मिळेल ते घेऊन पालकपक्षी दिवसभर ये-जा करत असतो. बिळासमोर माणूस असला, भिंगाची हालचाल झाली, की तो आत शिरण्याचे टाळतो आणि चोचीतले भक्ष्य तसेच धरून जवळच्या फांदीवर थांबतो. चोचीत सापसुरळी धरून स्तब्ध बसलेल्या तिबोट्याचे जे छायाचित्र समाजमाध्यमांवर सर्वाधिक वाखाणले जाते, ते अनेकदा घरट्यात जाण्याचे धाडस न होणाऱ्या पालकाचे छायाचित्र असते. मुसळधार पावसात आधीच शिकारीचे तास कमी मिळतात. त्यात प्रत्येक खोळंबलेल्या फेरीबरोबर पिल्लांचा एक घास हुकतो. तोडलेल्या फांदीमुळे बिळाचे तोंड उघडे पडते, दरडीच्या माथ्यावर माणसे उभी राहिल्याने भिजलेली माती ढासळू शकते आणि तुडवलेल्या वाटेने मुंगूस व घोरपड यांना घरट्याचा माग लागणे सोपे होते.

मुलांचे उत्पन्न बुडवण्याची आवश्यकता नाही. तिबोटी खंड्या ज्या डबक्यांवर आणि ओहोळांवर भक्ष्य शोधतो, ती ठिकाणे घरट्यापासून दूर असतात आणि तो तेथे पुन्हा पुन्हा येतो. तेथे शांत बसणाऱ्यास तो घरट्यापेक्षा मोकळेपणाने वावरताना दिसतो. मुलांनी पाहुण्यांना त्या जागांवर न्यावे, त्याचे पैसे अवश्य घ्यावेत आणि घरट्याचा पत्ता विकू नये. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता कायद्याखाली स्थापन झालेली जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे. ती कागदावरच असेल तर तिला जागे करण्यासाठी हे निमित्त चांगले आहे. विणीच्या काळात दरडीजवळ कोणालाही नेऊ नये असा ठराव तिने केला, तर बाहेरून आलेल्यांशी वाद घालण्याचे काम एकट्या-दुकट्यावर येत नाही. प्रकरण हाताबाहेर गेले तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. पुष्कळ नामांकित स्पर्धांनी घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारणे बंद केले आहे, हेही येणाऱ्या पाहुण्यांच्या कानावर घालण्यास हरकत नाही. कायद्यापेक्षा या माहितीचा परिणाम लवकर होतो, असा माझा समज आहे.

प्रश्न : मी ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला येथे नियमितपणे जातो. वाघ दिसला की जिप्सींची, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्यांची, झुंबड उडते आणि आमचा चालकही मागे राहत नाही. गाडी पुढे घ्या, असे मी कधीही सांगितलेले नाही. तरीही या गर्दीला पर्यटक म्हणून मी जबाबदार ठरतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : काही अंशी ठरता, आणि त्याचे कारण बक्षिशीत आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव मार्गावर एफ-२ या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. वन विभागाने चालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची कारवाई केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. मात्र चालक आणि गाइड हे जवळपासच्या गावांतील असतात, पावसाळ्यात कोअरचे, म्हणजे गाभा क्षेत्राचे, दरवाजे बंद झाले की त्यांचे काम थांबते, आणि त्यांच्या हातात पडणारी बक्षिशी वाघ किती जवळून दिसला यावर ठरत आली आहे. तुम्ही तोंडाने काहीच बोलला नसलात तरी साइटिंग झालेल्या (वाघ दिसलेल्या) दिवशी खुशीने दिलेली नोट आणि न झालेल्या दिवशी दिलेला कोरडा नमस्कार यांतून चालकाला जे समजायचे ते समजते.

नियम अस्पष्ट नाहीत. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये तात्पुरती बंदी घातली होती. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उठली, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी खुला ठेवावा, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे, एकाच रस्त्यावरील दोन वाहनांत ५० मीटर अंतर असावे आणि प्राण्याला घेरू नये, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात ५० मीटरच्या नियमाचे पालन कोणत्या गेटवर किती होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल.

छायाचित्रकारांची यावरची नेहमीची तक्रार अशी असते की इतक्या अंतरावरून चांगले चित्र मिळत नाही. ही तक्रार साध्या गणिताने खोटी ठरते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ४०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर २० मीटर अंतरावर चौकटीत आडवी जागा मावते ती अवघी १.८ मीटर, आणि पूर्ण वाढलेला नर वाघ आडवा उभा राहिला तर शेपटी सोडूनही त्यातून बाहेर जाण्याचा संभव असतो. याचा अर्थ असा की चौकट भरण्यासाठी कोणालाही नियम मोडून पुढे जाण्याची गरज नसते. पुढे जाण्यामागे चढाओढ असते, प्रकाशचित्रणाची गरज नसते.

तुम्हाला करता येण्यासारखे म्हणजे गेटमधून आत जाण्यापूर्वीच बक्षिशीची रक्कम चालकाला आणि गाइडला सांगून टाकावी, ती वाघ दिसण्याशी जोडलेली नाही हेही सांगावे, आणि इतर गाड्या पुढे गेल्या तरी आपली गाडी मागे उभी राहिलेली चालेल, असे स्पष्ट करावे. बछडे असलेली वाघीण रस्ता ओलांडत असेल किंवा उन्हाळ्यात पाणवठ्याकडे येत असेल, तर इंजिन बंद करून तिच्या वाटेतून बाजूला राहणे एवढेच कर्तव्य उरते. कोणी वाट अडवत असेल तर वाद न घालता वाहनाचा क्रमांक आणि वेळ टिपून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

प्रश्न : मी शिक्षक आहे आणि नांदूर मध्यमेश्वर येथे पक्षी पाहण्यासाठी जात असतो. मर्यादित पैशांत कोणता कॅमेरा आणि कोणते भिंग घ्यावे? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर : प्रथम ८×४२ ची दुर्बीण घ्या, कॅमेरा एका वर्षाने घेतला तरी चालेल. त्यानंतर लहान संवेदकाचा, वापरलेला परंतु सुस्थितीतील कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरचे भिंग पुरेसे आहे. लहान संवेदकाच्या दीडपट गुणकामुळे ते पूर्ण आकाराच्या संवेदकावरील ४५० मिलिमीटरइतका आवाका देते. पैसे उरले तर १५०-६०० घ्यावे, पण ते दिवसभर खांद्यावर वाहावे लागते, हे ध्यानात ठेवावे. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि तेथील निरीक्षण मनोऱ्यांवरून सकाळचा प्रकाश पाठीशी घेऊन शांत बसल्यास बदके स्वतःहून जवळ येतात. भिगवणला काही पाहुणे नाववाल्याला रोहित पक्ष्यांचा थवा उठवायला सांगतात, तसे कोठेही करू नये. उडणाऱ्या थव्याचे गुलाबी पंख सुंदर दिसतात हे खरे, परंतु चिखलात चोच घालून गाळून खाणाऱ्या पक्ष्याचा त्यात अन्न मिळवण्याचा वेळही जातो आणि शक्तीही जाते.

प्रश्न : छायाचित्रांमुळे वन्यजीवांचे संवर्धन होते, असे प्रत्येक प्रदर्शनाच्या उद्घाटनात ऐकतो. मी हौशी छायाचित्रकार आहे. माझ्या छायाचित्रांनी एखाद्या प्राण्याचे भले झाले असेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. मग हे वाक्य खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वसाधारण विधान म्हणून ते खरे नाही. फांदीवर बसलेल्या नीलपंखाची हजारो सुबक छायाचित्रे दररोज प्रसिद्ध होतात आणि त्यांनी नीलपंखांच्या संख्येत भर पडत नाही. काही छायाचित्रांनी मात्र निश्चित फरक पडला आहे, आणि तो का पडला हे पाहणे उपयोगाचे आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयावर बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू यांनी अमूर ससाण्यांच्या कत्तलीचे चित्रण केले. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे हे पक्षी तेथे लाखोंनी उतरत आणि मासेमारीच्या जाळ्यांत पकडले जात. त्या एका हंगामात सुमारे १,२०,००० ते १,४०,००० पक्षी मारले गेल्याचा त्यांचा अंदाज होता. चित्रणाचा गाजावाजा जगभर झाला, परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ग्रामसभा, चर्च, वन विभाग आणि जाळी लावणारे मच्छीमार यांच्याशी वर्षभर बोलणी झाली, आणि २०१३ च्या हंगामात तेथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी तीन पक्ष्यांना उपग्रह-प्रेषक लावून सोडण्यात आले, तेव्हा त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी तेथलीच नावे दिली गेली. जाळ्यांत लटकलेल्या पक्ष्यांच्या त्या छायाचित्रांत कलात्मक म्हणावे असे फारसे काही नाही. ती पुरावा म्हणून काढली होती आणि पुरावा म्हणूनच वापरली गेली.

छायाचित्राचा दुसरा उपयोग मोजणीसाठी होतो, आणि त्याला आपल्या देशात शंभर वर्षांची परंपरा आहे. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी वाटेवर तार ताणून, वाघाचा पाय लागताच कॅमेरा आणि झगमगाट उडवणारी रचना तयार केली होती. त्यांनी टिपलेल्या रानटी वाघांची छायाचित्रे ऑक्टोबर १९२५ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, या गोष्टीचा गणनेसाठी शास्त्रीय वापर उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत केला, आणि सरिस्कातून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यानंतर पावलांच्या ठशांवरची जुनी गणना मागे पडून हीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावण्यात आले, सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली आणि त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. उरलेल्या कोट्यवधी छायाचित्रांत चितळ, गवे, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत होते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघ, असे जे आकडे आपण वाचतो, ते या कंटाळवाण्या छायाचित्रांच्या ढिगाऱ्यातून येतात. डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात दिसलेला वाघ आधी राधानगरीत नोंदला गेलेलाच आहे, हेही पट्ट्यांच्या तुलनेवरून समजले, आणि त्यामुळे त्या दोन जंगलांमधला जोडमार्ग वापरात आहे, हे सांगण्यास आधार मिळाला. अकोले तालुक्यातील उसाच्या शेतांत विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावलेल्या कॅमेऱ्यांनी १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ बिबटे असल्याचे दाखवले. तोपर्यंत शेतातला बिबट्या हा जंगलातून चुकून आलेला पाहुणा समजला जात असे.

तिसरा उपयोग लोकांची समजूत बदलण्याचा आहे, आणि त्याबाबत मी अधिक सावध आहे. बांकुड्यात जळत्या गोळ्यांच्या माऱ्यातून पळणाऱ्या हत्तिणीचे आणि तिच्या पिल्लाचे बिप्लब हाजरा यांचे छायाचित्र २०१७ मध्ये पुरस्कारप्राप्त ठरले आणि त्याने देशाला हादरवले. नयन खानोलकर यांचे आरे वसाहतीतील गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचे छायाचित्र २०१६ मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या स्पर्धेत नागरी विभागात पहिले आले. त्यात ना दरडावणारा जबडा आहे, ना रक्त. घरांच्या भिंतींमधून शांतपणे चाललेला एक शेजारी आहे. असे चित्र बिबट्याबद्दलची भीती कमी करू शकते, याउलट दात विचकलेल्या बिबट्याची छायाचित्रे गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरून भीती वाढवतात. आता तर संगणकाने बनवलेले बिबटेही त्या गटांवर हिंडू लागले आहेत आणि त्यांचा शोध घेत वनरक्षकांना रात्री पायपीट करावी लागते.

तुमच्यापुरते सांगायचे तर तुमच्या संग्रहातील ‘वाया गेलेली’ छायाचित्रे एकदा पुन्हा पाहा. घाटरस्त्यावर चिरडलेला साप, विहिरीत पडलेले उदमांजर, विजेच्या तारेखाली मरून पडलेला करकोचा, ओढ्यावर लावलेली जाळी, कुंपणात अडकलेला फासा यांची छायाचित्रे तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह वन विभागाला किंवा त्या विषयावर काम करणाऱ्या अभ्यासकांना मिळाली, तर ती मोजता येतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, तेव्हा त्यांचा उपयोग होईल का, अशी शंका घेतली जात होती. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ प्रजाती त्यांखालून जाताना नोंदल्या गेल्या आणि पुढच्या रस्त्यांसाठी तशी मागणी करणाऱ्यांच्या हाती काहीतरी ठोस आले. तुमच्या नीलपंखाबद्दल माझा काहीही आक्षेप नाही. तो आनंदासाठी काढावा. संवर्धनाच्या नावावर त्याला खपवण्याची गरज नाही.

प्रश्न : इंदापूर-बारामतीच्या माळावर लांडग्यांचे छायाचित्र काढण्यासाठी काही जण मोटार गवतात घालून कळपाचा पाठलाग करतात. हा माळ पडीकच आहे, त्यामुळे नुकसान काय, असे ते विचारतात. (एक विद्यार्थी, बारामती)

उत्तर : महसुली कागदावर पडीक म्हणून लागलेला शेरा हेच माळरानाचे मोठे दुर्दैव आहे. टिटवी, चंडोल, धाविक यांची अंडी तेथे उघड्या जमिनीवर, मातीच्या रंगात मिसळून असतात आणि चाकाखाली आली तरी चालकाला समजत नाही. लांडगा पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, त्याची पिल्ले साधारण हिवाळ्यात बिळात असतात आणि बिळाजवळ वर्दळ वाढली की मादी त्यांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते. वाहनाने हाकणे हे, वर सांगितल्याप्रमाणे, कायद्याच्या भाषेत शिकारीत मोडते. कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन विभागाने ठरावीक वाटांवरून माळरान-सफारी सुरू केली आहे, ती घ्यावी; आणि माळावरच्या धनगरांशी बोलावे, कारण लांडग्यामुळे मेंढ्या गमावूनही त्याच्याबरोबर राहणाऱ्या त्या माणसांना कळपाच्या हालचाली कोणत्याही छायाचित्रकारापेक्षा अधिक ठाऊक असतात.

प्रश्न : वनपिंगळ्याचे छायाचित्र मिळवण्यासाठी मोबाइलवरून त्याचा आवाज वाजवणे चुकीचे आहे का? संशोधकही असे करतात, असे ऐकले आहे. (एक वाचक, शहादा)

उत्तर : तुम्ही ज्या तालुक्यातून हा प्रश्न विचारला आहे, तेथे तो विशेष महत्त्वाचा आहे. १८८४ नंतर वनपिंगळ्याची, म्हणजे या लहान घुबडाची, विश्वासार्ह नोंद नव्हती आणि तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. मधल्या काळात शोध भलतीकडे भरकटण्याचे एक कारण म्हणजे रिचर्ड माइनर्त्झहागेन यांनी आपण १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचा केलेला दावा. तो नमुना प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला होता आणि संग्रहालयातून चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावून परत मांडला होता, हे रासमुसेन यांनी उघड केले. छायाचित्राखाली खोटे ठिकाण लिहिणाऱ्यांनी ही हकिकत ध्यानात ठेवावी.

आवाज वाजवण्याविषयी असे की सर्वेक्षणात संशोधक परवानगी घेऊन, ठरावीक बिंदूंवर, थोडा वेळ ध्वनी वाजवतात आणि उत्तर आले की थांबतात, कारण त्यांना तेथे पक्षी आहे की नाही एवढेच नोंदवायचे असते. छायाचित्रकाराची गरज तेथे सुरू होते जेथे संशोधकाची संपते. त्याला पक्षी जवळ यावा, मोकळ्या फांदीवर बसावा, कॅमेऱ्याकडे तोंड करावे असे वाटते, म्हणून तो आवाज चालूच ठेवतो. वनपिंगळा दिवसा वावरणारा आणि आपल्या हद्दीबाबत दक्ष असा पक्षी आहे. प्रतिस्पर्धी आल्याचे समजून तो भक्ष्य शोधणे सोडून धावतो, आणि ज्ञात जोड्या थोड्या असल्याने प्रत्येक नवा पाहुणा त्याच जोडीला पुन्हा छळतो. तुम्ही तेथलेच आहात. तुम्हाला आवाज वाजवण्याची गरज नाही, पहाटे थांबण्याची सवड आहे. बाहेरून येणाऱ्याला ती नसते, म्हणून तो स्पीकर आणतो.

प्रश्न : पावसाळ्यात आंबोलीला बेडूक आणि साप यांची जवळून छायाचित्रे काढण्यासाठी आम्ही मित्र जातो. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना ठिकाण लिहावे का? आणि चित्र नीट यावे म्हणून बेडकाला उचलून पानावर ठेवले तर चालते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे : चालत नाही. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. तुमच्या हाताला लागलेले डास पळवण्याचे मलम त्याच त्वचेवाटे त्याच्या शरीरात जाते, आणि उभयचरांना ग्रासणारी बुरशी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात ओल्या बुटांबरोबर जाऊ शकते. सुस्त व्हावेत म्हणून बेडूक आणि कीटक फ्रीजमध्ये ठेवून मग पानावर मांडणारे लोकही आहेत. अशा चित्रातील प्राण्याची बसण्याची ढब जाणकाराला लगेच खटकते. आंबोलीचा भेक २००९ मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला गेला, तो अतिसंकटग्रस्त आहे आणि पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावरील उथळ डबक्यांत त्याची वीण होते. रात्री विजेरी घेऊन सड्यावर फिरणाऱ्या दहा-बारा जणांच्या पायांखाली काय येते, याचा विचार छायाचित्र काढण्यापूर्वी करावा. सड्याच्या कडेने चालावे, डबक्यात पाय घालू नये आणि विजेरीचा झोत एकाच प्राण्यावर रोखून धरू नये.

ठिकाणाविषयी : मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवल्यास ती माहिती गळून पडते, परंतु दस्तऐवज म्हणून पाठवल्यास तशीच राहते, म्हणून कॅमेऱ्यातील ठिकाण नोंदवण्याची सोय बंद ठेवलेली बरी. खरा धोका त्याहून साध्या गोष्टीत आहे. मागे दिसणारे मंदिर, धबधब्याचे नाव, सोबत आलेल्या मार्गदर्शकाचा उल्लेख, यांवरून जागा कोणालाही ओळखता येते आणि पुढच्या शनिवारी तेथे गाड्या लागतात. साप, कोळी, कासवे, ऑर्किड यांच्या बाबतीत त्या गाड्यांत विकत घेणाऱ्यांसाठी माल गोळा करणारेही असू शकतात. तेव्हा जाहीर ठिकाणी ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ एवढेच लिहावे, आणि तेही छायाचित्र काढल्यावर काही आठवड्यांनी.

मात्र नोंद दडवून ठेवू नये. ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची संकेतस्थळे आहेत. ई-बर्डवर संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा सर्वसामान्यांना दिसत नाही आणि आय-नॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण आपोआप धूसर होते. अभ्यासकांना आवश्यकतेनुसार ते मिळू शकते. हिरण्यकेशीच्या उगमकुंडातील मासा २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाली. ती नेमकी नोंद योग्य हाती पोचली, म्हणून हे झाले. तुमच्या छायाचित्रांच्या मूळ फायली तारखेसह जपून ठेवा, त्यांवर संगणकीय फेरफार करू नका, आणि ज्या बेडकाची ओळख पटली नाही त्याच्या पोटाची, पायांच्या पडद्यांची छायाचित्रे मिळत नाहीत म्हणून त्याला उलटे करू नका; आवाज ध्वनिमुद्रित केलात तर अभ्यासकाला ओळख पटवण्यास तो पुष्कळ वेळा छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो.